अमेरिकन यादवी युद्धाची परिभाषा

अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) अभ्यासात संज्ञा नीट समजून घ्याव्या लागतात, कारण बहुतेक संज्ञांमागे एक राजकीय दावा असतो.

दक्षिणेतील ११ राज्यांनी आपल्या कृतीला 'सेसेशन', म्हणजे संघराज्यातून बाहेर पडणे, असे म्हटले. संघ राज्यांनी स्वेच्छेने स्थापला, म्हणून तो सोडण्याचा हक्कही त्यांनाच, हा त्यांचा युक्तिवाद होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन संघराज्य अभंग मानत. त्यांच्या लेखी हे 'बंड' होते.

पण एप्रिल १८६१मध्ये लिंकन यांनीच दक्षिणेच्या बंदरांची 'नाकेबंदी' जाहीर केली. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार नाकेबंदी शत्रूच्या बंदरांची होते. मे महिन्यात ब्रिटनने तटस्थता जाहीर केली आणि दक्षिणेला 'युद्धमान पक्ष' मानले. स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मात्र दिली नाही.

त्याच महिन्यात व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या संघाच्या किल्ल्यात तीन गुलाम पळून आले. मालकाच्या वतीने त्यांची मागणी झाली, तेव्हा जनरल बटलर यांनी नकार दिला. व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवते, तर पळालेले गुलाम परत करण्याचा अमेरिकी कायदा तिच्यासाठी नाही; शिवाय शत्रू ज्यांच्याकडून लष्करी बांधकाम करून घेतो, ते 'कॉन्ट्राबँड', म्हणजे युद्धात जप्त करण्याजोगा माल, असे त्यांचे म्हणणे होते. या शब्दाने माणसाला मालच मानले, तरी त्याच्या आधारे हजारो गुलामांना संघाच्या छावण्यांत आसरा मिळाला. देशभर गुलामगिरी संपली ती १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

म्हणून संज्ञा वापरण्यापूर्वी पाहावे: ती कोणाची आहे आणि ती स्वीकारल्याने कोणाचा दावा मान्य होतो?