चुकून आलेली गर्दी

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलिडो शहराजवळ पेरिसबर्ग नावाचं गाव आहे. तिथली ‘युनिव्हर्सल ट्यूब अँड रोलफॉर्म इक्विपमेंट’ ही छोटी कंपनी पोलादी नळ्या बनवणारी वापरलेली यंत्रं विकते. पोलादाची सपाट पट्टी एकापुढे एक बसवलेल्या रोलरच्या जोड्यांमधून सरकते, प्रत्येक जोडीत थोडी थोडी वळत जाते, शेवटी तिच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि विजेच्या उष्णतेनं तिथे सांधा बसतो. झाली नळी तयार. असं अवजड यंत्र कुणी सहज येता-जाता घेत नाही. महिन्याला मोजकी माणसं वेबसाइटवर आली तरी या धंद्याचं भागतं, फक्त ती खरी गिऱ्हाइकं हवीत.

कंपनीनं १९९६ साली इंटरनेटवरचा पत्ता घेतला तो आपल्याच नावावरून: ‘युनिव्हर्सल’चं पहिलं इंग्रजी अक्षर ‘यू’, त्यापुढे ‘ट्यूब’ आणि डॉट कॉम. पुढची नऊ वर्षं त्या नावाकडे बाहेरच्या कुणी वळून पाहिलं नाही.

फेब्रुवारी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन तरुणांनी व्हिडिओंसाठी ‘यूट्यूब’ हा पत्ता नोंदवला. त्यांच्या नावात ‘यू’ तीन अक्षरांनी लिहायचा होता. कागदावर दोन नावं वेगळी, कानाला मात्र एकच. मित्राकडून नाव ऐकलेला माणूस घरी येऊन ऐकलं तसं टाइप करायचा आणि थेट पोलादी यंत्रांच्या दुकानात पोहोचायचा. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलनं १.६५ अब्ज डॉलरला यूट्यूब घेत असल्याचं जाहीर केलं आणि ते नाव घरोघरी गेलं. पण ओहायोतली वेबसाइट त्याच्या आधीच कोलमडू लागली होती.

एकट्या ऑगस्ट २००६ मध्ये आपल्या साइटवर ६.८ कोटी ‘हिट्स’ आल्याचं कंपनीनं सांगितलं. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. हिट म्हणजे माणूस नव्हे. एक पान उघडलं की त्यातला मजकूर, प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक बटण सर्व्हरकडून वेगवेगळं मागवलं जातं आणि अशा प्रत्येक मागणीची एक हिट धरली जाते. पाहुण्यांची खरी संख्या त्यामुळे पुष्कळ कमी भरते. सर्व्हरला मात्र हा फरक नसतो. त्याला प्रत्येक मागणी पुरी करावी लागते. छोट्या कंपन्या सहसा भाड्याच्या सर्व्हरवर असतात, तिथे एका मर्यादेपुढे साइट बंद पडते किंवा बिल चढत जातं. या कंपनीचं बिल महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास होतं, ते अडीच हजारांच्या घरात गेलं. दर मागवण्यासाठी ठेवलेल्या फॉर्ममध्ये व्हिडिओ शोधणारे लोक वाटेल ते लिहून पाठवू लागले. आणि ज्या कारखानदाराला खरोखर यंत्र हवं होतं, त्याला साइट उघडतच नव्हती. माझ्या मते खरं नुकसान हे होतं. बिलाचा आकडा तरी कागदावर दिसतो. परत गेलेलं गिऱ्हाईक कुठेच नोंदलं जात नाही.

कंपनी कोर्टात गेली. मागणी अशी की यूट्यूबनं हे नाव सोडावं, नाहीतर आम्हाला नव्या पत्त्यावर जाण्याचा खर्च द्यावा. २००७ मध्ये ओहायोच्या संघीय न्यायालयानं दाव्याचे काही भाग काढून टाकले. मालमत्तेवर अतिक्रमण झाल्याचा मुद्दा टिकला नाही, कारण जे संगणक कोलमडले ते कंपनीचे नव्हतेच, होस्टिंगवाल्याचे होते. शिवाय तिथे धडकले होते वाट चुकलेले लोक. यूट्यूबनं स्वतः त्या संगणकांना हात लावला नव्हता. अनुचित स्पर्धेचा मुद्दा मात्र न्यायालयानं पुढे चालू ठेवला. दरम्यान कंपनीनं आपला धंदा दुसऱ्या पत्त्यावर हलवला होता.

इथे कायदा तोकडा पडतो, असं म्हणावंसं वाटतं. वेब-पत्त्यांच्या तंट्यांचे कोर्टाबाहेर निवाडे करणारी आंतरराष्ट्रीय पद्धत १९९९ पासून आहे, पण तिथे समोरच्याचा हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. इथे वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तरीही अब्जावधींच्या नावाचा भार उचलला तो छोट्या दुकानदारानं. ज्याच्या नावामुळे गर्दी झाली त्यानं निदान नव्या पत्त्याचा खर्च द्यावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

चुकीची गर्दी रागावलेलीही असू शकते. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांनी भारताला गरीब देश म्हणून हिणवल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्यानं केल्याची बातमी पसरली. कंपनीनं तो नाकारला. तेवढ्यात आपल्याकडच्या अनेकांनी राग काढला तो स्नॅपडील या भारतीय खरेदी-ॲपवर. त्याला एकेक तारा दिला, ते फोनमधून उडवून टाकलं.

सारख्या वाटणाऱ्या वेब-पत्त्यांच्या प्रश्नाची दखल भारतीय न्यायालयांनी मात्र लवकर घेतली. ‘सिफीनेट’ वापरणाऱ्या सत्यम इन्फोवेनं ‘सिफ्फीनेट’ वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली ठरवलं की वेब-पत्त्यालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळू शकतं. चुकीच्या दारात गेलेलं गिऱ्हाईक मूळ दुकानालाच नावं ठेवतं आणि त्याचं गिऱ्हाईक तुटतं, हेही न्यायालयानं ध्यानात घेतलं.

मराठी दुकानदाराला हा धोका जवळचा आहे. ‘श्री लक्ष्मी’ हे नाव रोमन अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते पेठेतल्या कुठल्याही रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतं. फोनवर पत्ता सांगितला तर ऐकणारा यातलं कुठलं स्पेलिंग टाइप करेल याचा भरवसा नाही. म्हणून जाणकार दोन-तीन स्पेलिंगं एकदमच नोंदवून ठेवायला आणि ती सगळी एकाच साइटकडे वळवायला सांगतात. प्रत्येक नावाची फी दरवर्षी वेगळी भरावी लागते आणि एखाद्या वर्षी ती राहून गेली, तर सुटलेलं नाव दुसरा कुणीही उचलू शकतो.