सावल्या मोजणारा कॅमेरा

चांद्रयान-२ म्हटलं की आठवते ती ७ सप्टेंबर २०१९ची पहाट. विक्रम लँडर कोसळला आणि मोहीम फसली, असं म्हणून आपण मोकळे झालो. वाहिन्यांनाही दुसऱ्या दिवशी दुसरा विषय मिळाला. ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती फिरतच राहिला. त्याच्यावरच्या ओएचआरसी या कॅमेऱ्याच्या कामाशिवाय चांद्रयान-३ला उतरायची जागा मिळाली नसती.

शंभर किलोमीटरवरून या कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा जेमतेम फूटभर तुकडा. मूळ बेत असा होता की, विक्रम सुटण्याआधी त्याच्याच जागेचे दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे आणि त्यांवरून चढउतारांचा नकाशा बनवायचा.

उतार असा मोजता येतो, पण छोट्या दगडाचं काय? वरून दिसतो तो त्याचा माथा. उंची कळते सावलीवरून. चांद्रयान-३ उतरलं ते ६९ अंश दक्षिणेला. तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून वीस-एकवीस अंशांच्या वर फारसा चढत नाही. तो दहा अंशांवर असताना अर्ध्या मीटरच्या दगडाची सावली पावणेतीन मीटर लांब पडते, म्हणजे फोटोत नऊ-दहा ठिपके. दगड दोन ठिपक्यांत हरवला तरी सावली त्याची चहाडी करतेच. पण तीच सावली शेजारचा खड्डा झाकूनही टाकते, म्हणून एका वेळच्या फोटोवर भागत नाही. शिवाय लँडर सौरऊर्जेवर चालणारा, तेव्हा जागेवर भरपूर दिवस ऊन हवं आणि संपर्कासाठी आकाशात पृथ्वीही दिसायला हवी.

२०१९मध्ये विक्रमसाठी ठरवलेला चौकोन होता ५०० मीटर बाय ५०० मीटर. २०२३मध्ये तो झाला ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर, क्षेत्रफळात जवळजवळ अडतीस पट. माझ्या मते या मोहिमेतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. नेम चुकणारच नाही, असं धरून चालण्यापेक्षा चुकला तरी पाय टेकता येतील एवढं अंगण इस्रोनं आधीच पाहून ठेवलं. एवढा मोठा टापू तपासायचा तर त्याचे बारकाईचे फोटो हाताशी हवेत. ते या कॅमेऱ्यानं पुरवले.

तरीही वरून पाहिलेलं शेवटच्या क्षणाला पुरत नाही. २३ ऑगस्टला खाली येताना लँडर स्वतःच्या कॅमेऱ्यातलं दृश्य सोबतच्या नकाशाशी ताडून पाहत होता. जमीन दीडशे मीटरवर आल्यावर तो थबकला. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं बनवलेला धोके टिपणारा कॅमेरा त्याच्या दिमतीला होताच. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी तो टेकला.

रोव्हरची कसोटी त्यानंतर. २७ ऑगस्टला २६ किलोच्या प्रज्ञानपुढे चार मीटर व्यासाचं विवर आलं. ते दिसलं तेव्हा अंतर होतं तीन मीटर. त्याला माघारी वळवून दुसऱ्या वाटेनं नेलं.