मीठ कोणाचे? : जनरल ब्रुसिलोव्ह यांचे जीवन आणि त्यांच्या आठवणी

चरित्र आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांचा परिचय करून घेताना आपण आतापर्यंत प्रामुख्याने मराठी उदाहरणे पाहिली. या घटकात मुद्दाम एक परके उदाहरण घेतले आहे. सैनिकाचे चरित्र वाचायला घेताना आपल्या मनात एक मोजपट्टी आधीच तयार असते. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार हीच मोजपट्टी सांगतो. धन्याशी निष्ठा राखली तर तो वीर, नाही राखली तर तो फितूर. परंतु ज्याचे मीठ खाल्ले तो धनीच एके दिवशी सिंहासनावरून उतरला, त्याच्या जागी आलेला दुसराही आठ महिन्यांत गेला, तर सैनिकाने जागायचे कोणाच्या मिठाला? रशियन सेनेतील जनरल अलेक्सेई अलेक्सेयेविच ब्रुसिलोव्ह (१८५३-१९२६) यांच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. झार, हंगामी सरकार आणि बोल्शेविक अशा तीन राजवटींत त्यांनी लष्करी पदे भूषवली. या तिन्ही राजवटींचे समर्थक आणि विरोधक त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहत आले आहेत.

एक सूचना आधीच ध्यानात ठेवा. रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत असे आणि विसाव्या शतकात ती आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा ग्रंथांत आढळतात. येथे सर्वत्र नवी तारीख दिली आहे.

घडण

ब्रुसिलोव्ह यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८५३ रोजी तिफ्लिस येथे झाला. जॉर्जियाची आजची राजधानी त्बिलिसी ती हीच. वडील सेनाधिकारी होते, १८१२ मध्ये नेपोलियनविरुद्ध लढलेल्या पिढीतले. अलेक्सेई लहान असतानाच आईवडील दोघेही वारले आणि कुताइसी येथे मावशी व तिचे पती यांनी मुलांना वाढवले. १८६७ मध्ये त्यांना सेंट पीटर्सबर्ग येथील 'कोअर ऑफ पेजेस' या संस्थेत घालण्यात आले. थोरामोठ्यांच्या मुलांना दरबारी शिष्टाचार आणि लष्करी विद्या एकत्र शिकवणारी ही शाळा होती. म्हणजे झारविषयीची निष्ठा त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती, ती त्यांना राजवाड्याच्या आवारातच मिळाली होती.

१८७२ मध्ये ते कॉकेशसमधील पंधराव्या त्वेर ड्रॅगून रेजिमेंटमध्ये दाखल झाले. घोड्यावरून जाऊन प्रसंगी पायउतार होऊन लढणारे स्वार म्हणजे ड्रॅगून. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात अर्दाहान आणि कार्स येथील लढायांत त्यांनी भाग घेतला. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे मात्र राजधानीतील घोडदळाच्या अधिकारी-शाळेत गेली. १९०२ मध्ये ते या शाळेचे प्रमुख झाले.

रशियन सेनेत वर चढण्याची खरी वाट जनरल स्टाफ अकादमीतून जात असे. ब्रुसिलोव्ह त्या अकादमीत कधी गेले नाहीत. १९०४-०५ च्या जपानयुद्धातही ते नव्हते. 'रिंगणात घोडे फिरवणारा सेनापती' अशी कुजबूज त्यांच्याविषयी होत असेल, तर त्यात नवल नाही. पण अकादमीतील ठरीव पाठ गिरवलेले नसल्यामुळेच पुढे त्यांना वेगळा विचार करणे जमले, असे मानायला जागा आहे.

येथे एक छोटे विषयांतर. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १९१० मध्ये त्यांनी नादेझ्दा झेलिखोव्स्काया यांच्याशी विवाह केला. या मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या भाची. ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईस आल्या, तेथेच त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू केले आणि १८८२ अखेर थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे हलेपर्यंत मुंबई हेच त्यांचे केंद्र होते. नादेझ्दा यांचे नाव लक्षात ठेवा. या कथेच्या शेवटी त्या पुन्हा येणार आहेत.

१९१६ चा उन्हाळा

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रुसिलोव्ह यांच्याकडे आठव्या सैन्याचे नेतृत्व आले. १९१४ मध्ये हे सैन्य ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यातील गॅलिशियात खोलवर शिरले. पुढच्याच वर्षी तोफगोळे आणि बंदुका यांच्या भीषण टंचाईमुळे सगळ्या रशियन फौजेला माघार घ्यावी लागली. १९१६ च्या वसंतात त्यांना नैर्ऋत्य आघाडीचे सेनापती नेमण्यात आले. त्यांच्या हाताखाली चार सैन्ये होती.

एप्रिल १९१६ मध्ये मोगिल्योव्ह येथील मुख्य ठाण्यावर झारच्या अध्यक्षतेखाली सेनापतींची बैठक भरली. उत्तर आघाडीचे कुरोपात्किन आणि पश्चिम आघाडीचे एव्हर्ट यांचे मत असे, की शत्रूची मोर्चेबंदी अभेद्य आहे आणि हल्ल्यात यशाची आशा नाही. ब्रुसिलोव्ह यांनी मात्र ज्यादा कुमक न मागता हल्ल्याची तयारी दाखवली. ते बोलले ते कशाच्या बळावर, हे समजून घ्यायला हवे, कारण त्यांचे लष्करी कर्तृत्व या एका उत्तरात साठलेले आहे.

तोपर्यंत खंदकयुद्धाची सर्वमान्य रीत अशी होती. आघाडीवरील एखादा अरुंद भाग निवडायचा, तेथे तोफा आणि माणसे गोळा करायची, अनेक दिवस भडिमार करायचा आणि मग पायदळ पुढे सोडायचे. या रीतीत खोट अशी, की इतकी जमवाजमव लपत नाही. शत्रूला हल्ल्याची जागा आधीच कळते आणि तो आगगाडीने आपली राखीव फौज नेमकी तेथे आणून उभी करतो. ब्रुसिलोव्ह यांनी हे गणितच उलटवले. चारही सैन्यांनी आपापल्या भागात हल्ल्याची जागा निवडायची, काही कोअरनीही स्वतंत्र जागा निवडायच्या आणि सगळीकडे एकाच वेळी तयारी दिसू द्यायची. वीसहून अधिक ठिकाणी माती उपसली जात असताना खरा घाव कोठे बसणार, हे शत्रूने ओळखायचे कसे? पळून शत्रूकडे गेलेला शिपाईसुद्धा आपल्या डोळ्यांसमोरच्या तयारीपलीकडे काही सांगू शकणार नव्हता.

याला जोड होती ती काटेकोर पूर्वतयारीची. विमानांतून शत्रूच्या खंदकांची छायाचित्रे घेण्यात आली. मागील बाजूस त्या खंदकांच्या प्रतिकृती खणून सैनिकांकडून सराव करवून घेतला. आपले खंदक रात्रीच्या रात्री पुढे सरकवत शत्रूच्या तारांजवळ नेले, म्हणजे मोकळ्या मैदानात धावण्याचे अंतर कमी व्हावे. राखीव तुकड्यांसाठी जमिनीत मोठे निवारे खणले. भडिमार थोडा वेळच, पण नेमून दिलेल्या लक्ष्यांवर. आज वाचताना यातील प्रत्येक गोष्ट साधी वाटते. तरीही अठरा महिने खंदकांत अडकून पडलेल्या युरोपात या सगळ्या गोष्टी एकत्र करणारे सेनापती फार थोडे होते.

४ जून १९१६ रोजी हल्ला सुरू झाला. ७ जूनला लुत्स्क पडले, १८ जूनला चेर्निव्हत्सी. उन्हाळा सरेपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक सैनिक कैद झाल्याचे रशियन वृत्तांत सांगू लागले. ऑस्ट्रियाला इटलीवरील आपले आक्रमण थांबवावे लागले, जर्मनीला पश्चिमेकडील तुकड्या पूर्वेकडे हलवाव्या लागल्या आणि ऑगस्टमध्ये रुमानिया दोस्तांच्या बाजूने युद्धात उतरला. या मोहिमेला आज ब्रुसिलोव्ह यांच्याच नावाने ओळखले जाते.

नाण्याची दुसरी बाजूही पाहा. एव्हर्ट यांनी ठरल्याप्रमाणे साथ दिली नाही. आज-उद्या करता करता त्यांनी जुलैत बारानोविची येथे हल्ला केला आणि तो फसला. इकडे कोव्हेलचे रेल्वेजंक्शन घेण्यासाठी स्तोखोद नदीच्या दलदलीत पुन्हा पुन्हा हल्ले झाले आणि तेथे झारचे खास गार्ड सैनिक मोठ्या संख्येने कापले गेले. रशियन हानीचे आकडे अभ्यासकागणिक बदलतात. काही पाच लाख म्हणतात, काही दहा लाखांच्या पुढे जातात. ब्रुसिलोव्ह आपल्या आठवणींत दोष एव्हर्ट आणि मुख्य ठाणे यांच्याकडे देतात. त्यात तथ्य आहे. पण जूनमध्ये ज्यांनी एका जागी डोके आपटण्याची रीत टाकून दिली, त्यांनीच ऑगस्टमध्ये कोव्हेलसमोर ती पुन्हा चालू दिली, हे आठवणींत दबक्या आवाजात येते. आत्मचरित्र वाचताना लेखक कोठे रेंगाळतो आणि कोठे घाईने पुढे सरकतो, याकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्या.

धनी बदलताना

पुढच्या मार्चमध्ये पेत्रोग्राडमध्ये क्रांती झाली. चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव्ह यांनी सर्व आघाड्यांच्या सेनापतींना तारेने मत विचारले. ब्रुसिलोव्ह यांनी झारने पदत्याग करावा, असेच कळवले. १५ मार्च १९१७ रोजी दुसऱ्या निकोलस यांनी सिंहासन सोडले. राजवाड्याच्या शाळेत वाढलेल्या माणसाने हे का केले? युद्ध चालू असताना सिंहासनासाठी देश दुभंगू नये, ही त्यांची धारणा. झार आणि रशिया यांत निवड करण्याची वेळ आली तर रशिया, असा त्यांचा कौल होता. राजनिष्ठांच्या लेखी मात्र हा सरळसरळ मीठ-हरामीपणा ठरला.

जून १९१७ मध्ये हंगामी सरकारने त्यांना सरसेनापती केले. हाती आलेली सेना मात्र पूर्वीची उरली नव्हती. हुकूम मानायचा की नाही यावर सैनिकांच्या समित्या चर्चा करीत होत्या. शेतकऱ्यांच्या घरून आलेल्या त्या शिपायांना गावी परतायचे होते, जमिनीचे वाटप चुकवायचे नव्हते. केरेन्स्की यांच्या आग्रहाने जुलैत काढलेली मोहीम काही दिवसांतच कोसळली. १ ऑगस्टला ब्रुसिलोव्ह यांना दूर करून कोर्निलोव्ह यांना आणण्यात आले.

नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. मॉस्कोतील रस्त्यारस्त्यांत लढाई चालू असताना त्यांच्या घरावर तोफगोळा आला आणि त्यांचा पाय जबर जखमी झाला. दोन युद्धांतून सुखरूप बाहेर पडलेले हे सेनापती स्वतःच्या घरात जायबंदी झाले. कोर्निलोव्ह, देनिकिन, कालेदिन हे सगळे एके काळी त्यांच्या हाताखाली लढलेले अधिकारी दक्षिणेकडे जाऊन बोल्शेविकांविरुद्ध उभे राहिले. ब्रुसिलोव्ह गेले नाहीत. १९१८ मध्ये 'चेका' या बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांनी त्यांना अटक केली, काही काळ कोठडीत आणि नंतर घरातच नजरकैदेत ठेवले. एकुलता एक मुलगा अलेक्सेई लाल सेनेच्या घोडदळात गेला, १९१९ मध्ये श्वेत सेनेच्या हाती सापडला आणि परतला नाही. त्याला गोळी घातली गेली असे काही वृत्तांत सांगतात, तर काही आजाराने मृत्यू आला असे म्हणतात.

मे १९२० मध्ये पोलंडच्या फौजांनी कीव्ह घेतले. आता शत्रू परका होता. त्याच महिन्यात ब्रुसिलोव्ह यांनी सरसेनापतींच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. झारच्या सेनेतील माजी अधिकाऱ्यांनी जुन्या तक्रारी विसरून मातृभूमीच्या रक्षणासाठी यावे, असे आवाहन या मंडळाने प्रसिद्ध केले. अनेक जण आले. येथपर्यंत त्यांचे तर्कशास्त्र एकसंध आहे: सरकारे येतात आणि जातात, रशिया राहतो.

सप्टेंबरमध्ये मात्र या तर्काची किंमत पुढे आली. क्रिमियात जनरल व्रांगेल यांच्या श्वेत सेनेतील अधिकाऱ्यांना उद्देशून एक जाहीरनामा निघाला. शस्त्र ठेवा, अभय मिळेल, असा त्याचा आशय. त्यावर लेनिन, त्रोत्स्की, कालिनिन, कामेनेव्ह यांच्या नावांबरोबर ब्रुसिलोव्ह यांचेही नाव होते. नोव्हेंबरात क्रिमिया पडला आणि मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांपैकी मोठ्या संख्येने लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्याला खोटी माहिती देऊन वापरून घेतले गेले, असे ब्रुसिलोव्ह यांनी पुढे लिहिले आहे. त्यांच्या नावावर विश्वास ठेवून किती जण थांबले, हे मोजता येणार नाही. कोणाचाही पक्ष न घेता देशाची सेवा करतो असे म्हणणाऱ्या माणसाचे नाव अखेर एका पक्षाच्या कामी आले.

येथे थोडे थांबा. १९१७ ची तार, १९२० चे मे महिन्यातील आवाहन आणि सप्टेंबरमधील जाहीरनामा या तीन कृती एकाच निष्ठेतून आल्या असे तुम्हाला वाटते का? आपले उत्तर आठ-दहा ओळींत लिहून ठेवा आणि पुढील भाग वाचल्यावर ते पुन्हा तपासा.

दोन हस्तलिखिते

१९२३-२४ मध्ये ब्रुसिलोव्ह लाल सेनेच्या घोडदळाचे निरीक्षक होते. १७ मार्च १९२६ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले आणि नोव्होदेविची मठाच्या आवारात लष्करी इतमामाने त्यांना पुरण्यात आले. 'माझ्या आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः महायुद्धाविषयी आहे, संयत आहे आणि सोव्हिएत वाचकाला खटकेल असे त्यात फारसे नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढताना तर या विस्मृत सेनापतीची सरकारलाच गरज पडली. १९४३ मध्ये सेर्गेयेव्ह-त्सेन्स्की यांची त्यांच्या मोहिमेवरील कादंबरी आली.

पण आठवणींचा एक दुसरा भागही होता. १९२५ मध्ये उपचारासाठी कार्लोव्ही व्हारी येथे गेले असताना तो तयार झाला. बोल्शेविक राजवटीविषयी त्यात कडवट शब्द आहेत. पतीच्या मृत्यूनंतर नादेझ्दा झेकोस्लोव्हाकियात गेल्या आणि ते कागद प्रागमधील रशियन स्थलांतरितांच्या दप्तरखान्यात पोचले. महायुद्ध संपल्यावर हा दप्तरखाना मॉस्कोला नेण्यात आला. कागद उघडले गेले आणि काल गौरवलेले ब्रुसिलोव्ह एकाएकी नाव घेऊ नये असे झाले. हस्ताक्षर पत्नीचे आहे, तेव्हा हे विचार त्यांचे किती आणि तिचे किती, असा वाद पुढे निघाला. याच वादाच्या आधाराने त्यांचे नाव पुन्हा स्वच्छ करण्यात आले आणि १९६३ मध्ये पहिला भाग नव्याने छापला गेला. दुसरा भाग रशियन वाचकांच्या हाती पडायला आणखी बराच काळ जावा लागला.