मशीनच्या शेजारचा संगणक

अंबरनाथच्या मोरिवली किंवा आनंदनगर एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्यात शिरलात, तर साधारण चार संगणक दिसतील. पुढच्या केबिनमध्ये अकाउंटंटचा, त्यावर टॅली, बँक आणि जीएसटी. शेजारी ड्रॉइंगवाल्याचा, त्यातल्या त्यात तगडा. स्टोअरच्या खिडकीतला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला, ज्यावर चलन निघतं. आणि चौथा शॉप फ्लोअरवर, धातू कापणाऱ्या व्हीएमसी मशीनच्या शेजारी, कूलंटच्या तेलकट थराखाली कीबोर्डची अक्षरं दिसेनाशी झालेला. या चारही संगणकांवर बहुधा विंडोज १० असतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून मालक मंडळी मला एकच विचारतात : "मॅडम, सगळीकडे अकरा टाकून घ्यायचं का?"

मी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या संगणकांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, घेते. माझं उत्तर सगळ्या संगणकांसाठी एकच नसतं, आणि ते ठरवताना मी संगणकाकडे शेवटी बघते. आधी त्याच्या पाठीमागे वाकून बघते. कोणत्या केबली लागल्यात? इंटरनेटची वायर आहे का? आणि हा संगणक दोन दिवस बंद राहिला तर कारखान्यात कोणाचं काम अडेल?

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी सांगते. संगणक बंद पडत नाही, टॅली उघडतं, प्रिंट निघते. थांबतात त्या दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या. विंडोज १० आणि ११ यांच्या पोटातला बराचसा भाग सारखाच आहे. त्यामुळे अकरासाठी एखाद्या भोकाची दुरुस्ती बाहेर आली की हल्लेखोर ती उलगडून बघतात आणि तेच भोक दहामध्ये शोधतात. दार तेच, पण त्याची कडी कुठून सरकते हे आता गावभर झालेलं असतं. दहामधलं भोक बुजवायला मात्र कोणी येणार नसतं.

याची किंमत किती असू शकते, ते आपल्याच बंदरावर दिसलं होतं. अंबरनाथ-बदलापूरहून निर्यातीचा माल न्हावा शेवाला जातो. २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरचा हिशेब हाताने ठेवायची वेळ आली. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. ज्या भोकाचा या प्रोग्रामने वापर केला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. आणि भीतीची गोष्ट पुढे आहे : दुरुस्ती न केलेला एक संगणक सापडला की हा प्रोग्राम त्यातले पासवर्ड चोरून शेजारच्या, दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत होता. म्हणून "तो कोपऱ्यातला जुना राहू द्या, त्यावर काही महत्त्वाचं नाही" हे वाक्य मला पटत नाही. तो नेटवर्कवर असेल तर त्याचं दुखणं सगळ्यांचं होतं.

तेव्हा पहिल्या संगणकाचा, म्हणजे अकाउंटंटच्या संगणकाचा निर्णय सोपा आहे. ज्यावर बँक उघडते, ई-मेल येतो, ई-वे बिल निघतं, त्यावर सपोर्ट संपलेलं विंडोज ठेवू नये. पण अकरा काही कुठेही बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूटची सोय लागते, आणि प्रोसेसर साधारण २०१८च्या पुढचा लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठवी पिढी किंवा त्यानंतरची. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की उत्तर मिळतं. तिथे 'टीपीएम नाही' असं दिसलं तरी लगेच नवा संगणक घ्यायला धावू नका. असेंबल केलेल्या कितीतरी संगणकांत ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती 'पीटीटी' या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. चालू केली की झालं.

प्रोसेसरच जुना असेल तर मात्र पळवाट काढू नये. तपासणी चुकवून अकरा टाकून देणारे भेटतात. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप, त्यांचाच भरवसा नसेल तर काय मिळवलं? तीच गोष्ट क्रॅक केलेल्या विंडोजची. अस्सल विंडोज १० असेल तर अकरा फुकट मिळतं. अनोळखी अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचा म्हणजे घराच्या चाव्या रस्त्यावरच्या माणसाकडे देणं, आणि त्याच संगणकावर कंपनीच्या खात्याचा पासवर्ड टाइप होतो.

स्टोअरच्या खिडकीतला संगणक दिसायला गरीब, पण निर्णयाला अवघड. अंबरनाथच्या जुन्या कारखान्यांत आजही डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले पगाराचे आणि स्टॉकचे प्रोग्राम चालतात. कोणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहून दिलेले, लिहिणारा कधीच निघून गेलेला, आणि स्टोअरकीपर काकांच्या बोटांना त्यातली प्रत्येक की पाठ. हे प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालतात. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही आणि ६४ बिटच्या विंडोजवर हे जुने डॉसचे प्रोग्राम थेट उघडत नाहीत. म्हणून सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून 'सिस्टिम टाइप'ची ओळ वाचा. तिथे ३२ बिट दिसलं तर 'अपग्रेड' नावाची गोष्टच तुमच्यासाठी नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. अशा ठिकाणी मी नव्या विंडोजच्या आत डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम किंवा आभासी संगणक उभा करते, त्यात जुना प्रोग्राम चालवून काकांना महिनाभर दोन्हीकडे नोंदी करायला लावते, आणि महिनाअखेरीचा स्टॉक जुळला की मगच जुना संगणक हलवते. हे काम वेळखाऊ आहे. पण काकांची पंचवीस वर्षांची नोंद एका दुपारच्या अपग्रेडपेक्षा मोलाची आहे.

आता मशीनच्या शेजारचा. याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

याच्या पाठीमागे एक जाड, नऊ पिनांची सीरिअल केबल असते. ड्रॉइंगवाल्याने बनवलेला प्रोग्राम या केबलमधून मशीनच्या कंट्रोलरला जातो. नव्या संगणकांना हा पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर येतो, आणि तिथे गाडी अडते. बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप किंवा तिची नक्कल असते. नवा ड्रायव्हर तिला ओळखून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळ्या त्रिकोणाशेजारी कॅपिटल अक्षरांत मजकूर दिसतो : पीएल२३०३एचएक्सए, २०१२पासून बंद, आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. काल रात्रपाळीपर्यंत चालणारी केबल आज सकाळी गप्प, आणि ऑपरेटर मशीनला दोष देत बसतो. केबल बदलली की प्रश्न मिटतो, पण हे आधी माहीत हवं, कारण व्हीएमसी उभी राहिली तर तासाचा दर सुटतो आणि डिस्पॅचची तारीख चुकते.

दुसरा अडथळा फोल्डरचा. काही मशीनच्या पॅनेलमध्ये स्वतःचं विंडोज एक्सपी असतं आणि ते ऑफिसातल्या संगणकावरच्या शेअर फोल्डरमधून प्रोग्राम उचलतं. ही देवाणघेवाण एसएमबी१ या जुन्या पद्धतीने होते. २०१७च्या मे महिन्यातला 'वॉनाक्राय' याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला, म्हणून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच येते. शिवाय विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत शेअर फोल्डरचे नियम आणखी कडक झाले आहेत. बिनपासवर्डचा 'गेस्ट' तिथे चालत नाही. अपग्रेड होतं ऑफिसात आणि बंद पडतं शॉप फ्लोअरवर, कधी कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारा जुना स्कॅनरही. मग कोणीतरी इंटरनेटवर वाचून एसएमबी१ पुन्हा चालू करतं. तसं करू नका. पेन ड्राइव्ह वापरा, पण तो फक्त मशीनसाठी राखलेला असू द्या आणि प्रत्येक वेळी तपासून लावा.

मशीनला बांधलेल्या संगणकाबद्दल माझं मत ठाम आहे : चालतंय ते विंडोज राहू द्या आणि त्याची इंटरनेटची वायर काढा. वाय-फायही बंद. ऑपरेटरला गाणी ऐकायची असतील तर मोबाइल आहे. पॅनेलच्या आतल्या विंडोजला तर मशीन बनवणाऱ्या कंपनीला विचारल्याशिवाय हातच लावू नये. तिथे पुष्कळदा वेगळं, उद्योगांसाठीचं विंडोज १० असतं, ज्याची मुदतही वेगळी. 'आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१' असेल तर त्याला जानेवारी २०३२पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. पाटीवर नुसतं 'विंडोज १०' वाचून घाबरायचं कारण नाही.

नेटवर्कपासून तोडलेलं मशीनही सांभाळावं लागतं, कारण कधीतरी त्याला बाहेरचं काहीतरी जोडलं जातंच. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीत ऑगस्ट २०१८मध्ये एक नवं मशीन तपासणी न करता नेटवर्कला जोडलं गेलं. त्यातून वॉनाक्रायचाच एक भाऊबंद विंडोज ७ असलेल्या मशीनमध्ये पसरला आणि उत्पादन थांबलं. सर्व्हिस इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येतो, चहा घेतो आणि केबल लावतो, तेवढा क्षण पुरतो. त्याच्या लॅपटॉपची तपासणी करायला संकोच वाटू देऊ नका.

आमच्या भागातला आणखी एक शत्रू हवेत आहे. केमिकल झोनला लागून असलेल्या शेडमध्ये रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय काळपट पडतात. संगणक मधूनच अडकतो, निळा पडदा येतो आणि दोष विंडोजवर जातो. अपग्रेडचा विचार करण्याआधी पट्टी काढून ते पाय शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, पंख्यातली धूळ काढा, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावा. 'संगणक स्लो झालाय, अकरा टाका' या तक्रारीतल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. रॅम ४ जीबी असली तरी विंडोज ११ बसतं, हे कागदोपत्री खरं आहे. टॅली, ब्राउझर आणि अँटिव्हायरस एकत्र उघडायचे असतील तर ८च्या खाली जाऊ नका.

निर्णय झाला की दिवस निवडा. आपल्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, पण कोणताही शुक्रवार चालत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला असतं. म्हणून २० तारखेनंतरचा शुक्रवार, यूपीएसची बॅटरी तपासून, आणि पावसाळ्यात तर जास्तच जपून. आदल्या दिवशी टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. अपग्रेड झाल्यावर डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन लावून सहीचा ईएमसायनर प्रोग्राम चालतो का, चलनाची प्रिंट निघते का, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल ओळखला जातो का, हे त्याच दिवशी पाहा. काही बिघडलं तर साधारण १० दिवसांत जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्यानंतर ती वाट बंद होते. नवा संगणक घेतलात आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलात, तर डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद होऊ शकते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. ते खातं कारखान्याच्या नावाचं असावं, उद्या सोडून जाणाऱ्या मुलाच्या जीमेलचं नव्हे.

ज्यांना लगेच खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने मुदतवाढ ठेवली आहे. घरच्या संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, सेटिंग्ज खात्याशी जोडल्या तर पैसेही पडत नाहीत. धंद्याच्या संगणकांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. उशिरा आलात तर मागच्या वर्षाचेही भरायचे. पहिलं वर्ष घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याचे पैसे भरण्यापेक्षा ते नव्या संगणकाला लावावेत, असं मला वाटतं. आणि फक्त ई-मेल, वेबसाइट आणि पत्रं लिहिण्यापुरता संगणक असेल तर त्यावर लिनक्स टाका. टॅली त्यावर थेट चालत नाही, पण गेटवरच्या नोंदींना टॅली लागतं कुठे? चालता संगणक भंगारात देणं मला पटत नाही. द्यायचाच असेल तर डिस्क पुसून, नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला द्या.

नवं मशीन घेणाऱ्यांना मात्र एक आग्रहाने सांगायचं आहे. कोटेशन मागवताना स्पिंडलचा वेग आणि टेबलचा आकार विचारता, तसंच पॅनेलमध्ये कोणतं विंडोज आहे, त्याची मुदत कोणत्या सालापर्यंत आहे, आणि बसवून देताना पूर्ण डिस्कची एक प्रत मिळेल का, हे लेखी घ्या. मशीन पंधरा-वीस वर्षं चालतं, त्यातलं विंडोज तेवढं टिकत नाही. ही तीन उत्तरं पर्चेस ऑर्डरवर आणि ती प्रत लॉकरमध्ये असेल, तर पॅनेलची डिस्क गेली तरी मशीन एका शिफ्टमध्ये उभं करता येतं.