सातारा ते सांगली विमानाने 13 मिनिटांत? समजून घ्या नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ

सातारा ते सांगली रस्त्याने सुमारे 125 किमी. नकाशावर सरळ रेषा ओढली तर हेच अंतर 110 किमीच्या आसपास भरते. ताशी 500 किमी वेगाने उडणारे विमान ते 13 मिनिटांत कापेल, असे इंटरनेटवरचे गणित सांगते. प्रत्यक्षात या दोन शहरांदरम्यान विमानसेवाच नाही. सातारा जिल्ह्यात कराडला धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणी जुनीच आहे. त्यामुळे सांगलीकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडी, तर सातारकरांना पुण्याचे लोहगाव विमानतळ जवळ पडते.

हवाई अंतर म्हणजे काय?

पृथ्वी गोल असल्याने दोन विमानतळांमधला सर्वांत जवळचा मार्ग तिच्या वक्र पृष्ठभागावरून मोजतात. वैमानिक तो नॉटिकल मैलात सांगतात. 1 नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किमी. या हिशेबाने कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 308 किमी, म्हणजेच 166 नॉटिकल मैल आहे.

मग तास का लागतो?

ताशी 500 किमी वेगाने 308 किमीला 37 मिनिटे पुरायला हवीत. तरी वेळापत्रकात साधारण तासाभराचा प्रवास दिसतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करत खाली येणे, मुंबईत गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणे, हे सगळे त्यात येते. अंतर जितके कमी, तितका या वेळेचा वाटा मोठा.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब

सांगलीहून मुंबईला जायचे आहे, असे समजा. उजळाईवाडी गाठायला सव्वा तास, विमानतळावर दीड तास, विमानात एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि मुंबईत इच्छित ठिकाणी पोहोचायला एक तास. एकूण सव्वापाच तास. रस्त्याने हाच प्रवास सात ते आठ तासांचा. म्हणजे पावणेदोन तास तरी नक्की वाचतात.

सातारकरांचे गणित मात्र उलटे आहे. कोल्हापूरला पोहोचायलाच अडीच तास लागतात, तेही मुंबईच्या विरुद्ध दिशेने. बाकीचा वेळ तोच धरला तरी एकूण साडेसहा तास होतात. थेट गाडीने मुंबई साधारण पाच तासांत येते.

कधी विमान, कधी गाडी?

दिल्लीसारखा लांबचा पल्ला असेल तर सातारकरांनाही पुण्याहून विमान परवडते. पुणे-दिल्ली विमानप्रवास सव्वादोन तासांच्या आसपास आहे. रेल्वेला त्यासाठी जवळपास पूर्ण दिवस लागतो. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाल्याने मुंबई शहरातल्या कोंडीत न शिरता विमान पकडण्याचा आणखी एक पर्याय मिळाला आहे.

मुलाखत, न्यायालयाची तारीख किंवा रुग्णालयातली वेळ गाठायची असेल, तर तिकिटावरच्या तासाभरावर विसंबू नका. घरातून निघण्यापासूनचे तास मोजा. विमान त्या दिवशी आणि त्या वेळेला आहे का, हेही आधी तपासा.