शुश्रूषा : मनोरुग्णसेवेची मूलतत्त्वे

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रोग्याच्या सेवेसाठी योजतो. त्याची व्युत्पत्ती पाहिली तर मुळात त्याचा अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूचे हे इच्छार्थक रूप. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करी. पुढे ऐकणे मागे पडले आणि सेवा हा अर्थ रूढ झाला. मोडलेल्या हाडाच्या वा तापाच्या रोग्याची सेवा करताना हा जुना अर्थ विस्मरणात गेला तरी फारसे अडत नाही. मनोरुग्णाच्या बाबतीत मात्र तोच अर्थ प्रथम येतो. इथे जखम डोळ्यांना दिसत नाही, तापमापकात उतरत नाही. रोगी जे बोलतो, जे बोलायचे टाळतो आणि जसा वागतो, त्यावरूनच ती कळते.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेही तेथे म्हटले आहे. अनुराग हा गुण ज्ञानाच्या पंक्तीत बसवला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आता या चार पादांपैकी खकनार परिसरात हाताशी कोण आहे, याचा विचार करा. निमाड जिल्हा मध्यप्रांतात होता त्या काळी, १८६४ साली स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय प्रांतापुरते होते. आज मध्यप्रदेश शासनाची मानसिक रुग्णालये इंदूर व ग्वाल्हेर येथे आहेत; त्यांतले जवळचे जे इंदूर, तेही दीडशे किलोमीटरांहून दूर. म्हणजे वैद्य लांब, औषध महिन्यातून एकदा आणायचे आणि रोगी घरी. उरला परिचारक. तो म्हणजे रोग्याची आई, पत्नी, भाऊ, आणि गावात फिरणारी एएनएम वा आशा कार्यकर्ती. यास्तव या शास्त्राची मूलतत्त्वे केवळ रुग्णालयातील परिचारिकांनी जाणावीत, हे पुरेसे नाही.

पॅरिस येथील बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या बेड्या फिलिप पिनेल या डॉक्टरने तोडल्या, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. वस्तुतः तेथील बेड्या १७९७ साली काढल्या त्या झां-बाप्तिस्त प्युसँ नावाच्या परिचारकाने. तो मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेचा रोगी म्हणून बिसेत्रमध्ये आला आणि बरा होऊन तेथेच कामाला राहिला. रोग्यांना मारहाण करणाऱ्या नोकरांना त्याने आवरले आणि बऱ्या झालेल्या रोग्यांतून नवे सेवक निवडले. बेड्यांच्या जागी त्याने आवळून बांधायचे अंगरखे आणले, हेही सांगितले पाहिजे. बंधन पुरते सुटले नव्हते. तरीही ही सुधारणा रोग्यांच्या सोबत दिवसरात्र राहणाऱ्याने केली, हे मला अर्थपूर्ण वाटते. पिनेलने स्वतः प्युसँचे ऋण मान्य केले होते. विसरले ते नंतरचे लोक.

या सोबतीला शास्त्राचे रूप दिले अमेरिकेतील परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सूत्र असे की, परिचर्या म्हणजे दोन व्यक्तींमधील उपचारक संबंध होय. शल्यवैद्याचे साधन शस्त्र, तसे मनोरुग्णपरिचारिकेचे साधन ती स्वतः. हा संबंध टप्प्याटप्प्याने वाढतो. प्रथम परस्परांची ओळख. मग ‘ही माझ्या उपयोगी पडेल’ असा रोग्याला येणारा भरवसा. त्यानंतर त्या भरवशाच्या आधाराने रोगी आपल्या अडचणी उलगडतो. आणि शेवटी निरोप. मैत्रीला शेवट ठरवावा लागत नाही, या संबंधाला तो ठरवावा लागतो. रोगी स्वतःच्या पायांवर उभा राहिला की आधार हळूहळू काढून घ्यायचा असतो. आपल्याकडे मायेपोटी नेमके हेच होत नाही. बरा झालेला मुलगाही वर्षानुवर्षे ‘त्याला काही सांगू नका, तो आजारी आहे’ या छायेत राहतो.

येथे दया आणि समानुभूती यांतील भेद पाहावा. दया वरून खाली पाहते. समानुभूती दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभी राहते आणि परत आपल्या जागी येते. परत येणे तितकेच महत्त्वाचे. जी परिचारिका रोग्याच्या दुःखात स्वतःच बुडाली, तिचा हात रोग्याला धरता येत नाही.

प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. छिन्नमनस्कतेच्या रोग्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. यास भास म्हणतात. घरची माणसे बहुधा दोनपैकी एक चूक करतात. ‘कुठे आहे आवाज? वेडा आहेस का?’ असे दटावतात, किंवा समजूत घालण्यासाठी ‘हो, मलाही ऐकू येतो’ म्हणतात. पहिल्याने रोगी एकटा पडतो, दुसऱ्याने त्याचा भास पक्का होतो. परिचारिका म्हणते, ‘दादा, मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुम्हांला येतो आहे आणि तुम्ही घाबरला आहात, हे मला दिसते.’ यात असत्य नाही आणि अवहेलनाही नाही. त्यानंतर तो आवाज काय सांगतो, हे अवश्य विचारावे. स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा तो देत असेल, तर रोग्याला एकटे सोडता येत नाही.

आत्महत्येविषयी विचारण्यास आपण कचरतो; विचारले तर नसता विचार डोक्यात भरेल, अशी समजूत आहे. ती खरी नाही. सरळ, शांतपणे विचारल्याने रोग्याचा भार हलका होतो. नैराश्याच्या रोग्यात सुधारणेचे पहिले दिवस विशेष जोखमीचे असतात, कारण मन उजळण्यापूर्वी अंगात शक्ती येते. आपला मुलूख कापसाचा आणि केळीचा. फवारणीचे विष घरोघरी असते. ते कुलपात ठेवणे आणि किल्ली दुसऱ्याकडे देणे ही या भागातील मनोरुग्णपरिचर्येची पहिल्या प्रतीची कृती होय.

निरीक्षण हा या परिचर्येचा दुसरा डोळा. हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू झाल्यावर काही तासांत वा दिवसांत एखाद्याची मान एका बाजूस वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरचे म्हणतात, अंगात आले. आणि रोगी भगताकडे किंवा पडियाराकडे नेला जातो. हा औषधाचा दुष्परिणाम असून योग्य इंजेक्शनाने थोड्याच वेळात उतरतो. तो आधी सांगून ठेवला नाही, तर घरच्यांचा औषधावरील विश्वास कायमचा उडतो. लिथियमचे तसेच. हे औषध रक्तात ठरावीक प्रमाणातच असावे लागते. मे महिन्यात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी व मीठ गेले की ते प्रमाण चढते. हात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे अडखळू लागले, तर पुढची गोळी न देता तत्काळ दवाखाना गाठावा. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची त्वचा उन्हात लवकर भाजते; त्याला डोक्यावर रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. या गोष्टी वैद्य घाईत सांगतो, परिचारिकेने त्या सावकाश सांगाव्यात.

आता साखळीचा प्रश्न. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही; २८ जण मृत्यू पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. रुग्णालयातदेखील तात्कालिक धोका टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने बंधन घालता येते, तेही गरजेपुरते. खुंटीला मुलगा बांधणाऱ्या आईला मी क्रूर म्हणणार नाही. रोजंदारीला जाताना तो विहिरीकडे जाईल ही तिची भीती खरी असते. तिला कायदा वाचून दाखवण्यापूर्वी दिवसा त्याच्याजवळ कोण बसेल, याची व्यवस्था केली पाहिजे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. त्यावर समुपदेशक मिळतो, परंतु जवळ बसणारे माणूस शेजारातूनच यावे लागते.

भाषेचा मुद्दाही लहान नाही. आपल्या परिसरात मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू अशा भाषा नांदतात. बाजारात माणूस कोणत्याही भाषेत व्यवहार करतो. दुःख मात्र घरच्या भाषेत बोलतो. कोरकू स्त्री हिंदीत ‘डोके दुखते’ एवढेच सांगेल. तिला तिच्या भाषेत विचारणारी कार्यकर्ती असेल, तर त्या डोकेदुखीमागील झोप उडालेल्या रात्री बाहेर येतील. अशा वेळी नवरा वा सासू यांना दुभाषे करू नये, कारण जे सांगायचे असते ते त्यांच्याचविषयी असू शकते. ऐकलेले गावात बोलू नये, हे वेगळे सांगावयास हवे काय? लहान गावात एक वाक्य बाहेर गेले, तर पुढील दहा घरे बंद होतात.

रोगी घरी परतल्यानंतरच्या भेटीत ‘आता बरे आहे ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ हेच येते. काल रात्री किती वाजता झोप लागली, जेवण सर्वांबरोबर झाले की निराळे, गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या, कामावर किती दिवस गेला, असे विचारावे. बरे वाटू लागताच गोळ्या थांबतात आणि आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण असते. उलटण्याची चिन्हे प्रत्येकाची निराळी. कोणाची झोप जाते, कोणी आंघोळ सोडतो, कोणी फार बोलू लागतो. ती घरात सर्वांत आधी आईला कळतात. ती चिन्हे तिला विचारून, तिच्याच शब्दांत, भेटीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.