लेकराच्या हाती खरं काम

1897 सालची गोष्ट. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. पंडिता रमाबाई सरकारी अन्नछत्रं आणि अनाथगृहं पाहत हिंडल्या आणि सुमारे 300 मुली आपल्याबरोबर घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, आईबाप गेलेल्या, कुणी बालविधवा, कुणी विकली जाता जाता वाचलेली. पुण्यात त्या वेळी प्लेगची धास्ती होती आणि शहरात एवढी नवी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई होती. म्हणून रमाबाईंनी या मुलींना पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला नेलं. तिथे पुण्यातल्या आपल्या शाळेला, शारदा सदनाला, फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. सुरुवातीला डोक्यावर झोपड्यांचं छप्पर होतं. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली.

पोरकी झालेली 300 लेकरं आणि हाताशी मोजकी मोठी माणसं. अशा शाळेत मुलं खचून न जाता उभी कशी राहतात? आज अकोल्यातल्या पालकसभांमध्ये मुलांच्या ‘मानसिक कणखरपणा’बद्दल बरंच बोललं जातं. दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशकांचे फोन नंबर वर्तमानपत्रांत छापून येतात. हे हवंच. पण या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्रातल्याच एका ख्रिस्ती शाळावस्तीने सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने करून दाखवलं होतं, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. त्या वस्तीत मुलींना काळजीइतकंच कामही दिलं गेलं, आणि ते काम खरं होतं. ते झालं नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी अडलं असतं.

हा इतिहास वऱ्हाडाला परका नाही. 1896-97 आणि त्यामागून 1899-1900, असे दोन दुष्काळ लागोपाठ आले आणि दुसऱ्याने वऱ्हाडाची कंबर मोडली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचं अकोला हे मोठं ठाणं. दुष्काळात पोरकी झालेली मुलं या मिशनने अकोला-खामगावच्या अनाथालयांत सांभाळली. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य अकोल्यात काम करत होतं. जेनी फुलरबाईंनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक 1900 साली निघालं आणि त्याला प्रस्तावना होती रमाबाईंची. म्हणजे केडगाव आणि अकोला ही एकाच दुःखाची दोन टोकं होती आणि ती एकमेकांना ओळखत होती.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे सगळे 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. त्यानंतर रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, आत झोपून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अशा बाईला उपाशी मुलीची समजूत काढण्यापुरतं बोलायचं नव्हतं. दुष्काळातून आलेलं मूल पोट भरल्यावरही भाकरी लपवतं, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, ओरडतं, चोरतं. त्याला उद्याचा दिवस खरोखर येणार आहे हे पटवावं लागतं, आणि ते नुसतं बोलून पटत नाही.

मुक्तीच्या उभारणीतला कळीचा निर्णय मला हा वाटतो: नव्या मुलींना सांभाळायला रमाबाईंनी जुन्या मुलींना पुढे केलं. शारदा सदन त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत काढलं होतं आणि पुढे ते पुण्याला नेलं. तिथे शिकलेल्या तरुण विधवा, ज्यांना काही वर्षांपूर्वी घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलं जायचं, त्या केडगावला शिक्षिका आणि देखरेखीच्या बाया झाल्या. एकेकीकडे लहान मुलींचा एक गट. त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, जखमा धुवायच्या, ओरडून उठलेल्या मुलीजवळ रात्री बसायचं, सकाळी पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचं. जिला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, तिच्यावाचून आज दहा-वीस लेकरांचं पान हलत नव्हतं.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे 1893 मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत फिरलेल्या या बाईच्या अंगात ते बळ कुठून आलं, याचा विचार करताना शारदा सदनातली तिची वर्षं मला वगळता येत नाहीत.

1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या वस्तीला रोज लागणारं सगळं काम वस्तीनेच केलं. शेती, गाई-म्हशी, दळण, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा. आणि छापखाना. या छापखान्याकडे जरा जवळून पाहायला हवं.

खिळे जुळवणं हे त्या काळातलं अतिशय नेटाचं काम. रोमन लिपीला खिळे थोडे लागतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो लागतात. प्रत्येकाचा खण वेगळा आणि कोणता खण कुठे हे हाताला पाठ व्हावं लागतं. अक्षर उलटं कोरलेलं असतं, म्हणजे आरशातलं वाचायची सवय करायची. एका हातात स्टिक धरून दुसऱ्या हाताने एकेक खिळा उचलून बसवायचा, ओळ घट्ट करायची, ओळी गॅलीत उतरवायच्या, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या. छापून झालं की प्रत्येक खिळा परत त्याच्याच खणात. एक खिळा चुकीच्या खणात पडला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी ओळीत चूक उमटणार. कुणी न रागावताही या कामात चूक कळते. डोळ्यांसमोर कागदावर उमटते आणि दुरुस्तही करता येते. अपयश सोसायला शिकणं म्हणतात ते असं असतं. चूक झाली, दिसली, सुधारली, काम पुढे गेलं. गुणपत्रिकेतल्या अपयशाला ही सोय नसते. ते वर्षातून एकदा येतं आणि शिक्का मारून जातं.

याच छापखान्यात रमाबाईंचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम छापलं गेलं: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एरवी दुष्काळात मेल्या असत्या अशा मुलींच्या हातून हे छापलं गेलं. ते छापायला तयार कारागीर बाहेरून आणता आले असते, कामही लवकर उरकलं असतं. पण मग त्या मुलींना काय मिळालं असतं?

अंध मुलींचंही तसंच. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ब्रेल शिकून घेतलं आणि केडगावला ते शिकवलं. अंध मुली वाचू लागल्या आणि हातची कामं करू लागल्या. दयेची धनीण म्हणून त्यांना बसवून ठेवलं नाही.

अनेक दशकांनंतर हीच गोष्ट संशोधनातून वेगळ्याच ठिकाणी पुढे आली. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या अभ्यासकांनी ती मुलं मोठी होईपर्यंत घेतला. गरिबी, व्यसनी किंवा मनोरुग्ण पालक, मोडलेलं घर अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, सावरलेली माणसं झाली. ती का सावरली? घरातलं किंवा बाहेरचं एखादं तरी मोठं माणूस त्यांच्या पाठीशी ठाम उभं होतं. आणि वाढत्या वयात त्यांच्याकडे कुटुंबाला खरोखर गरजेचं असलेलं एखादं काम आलेलं होतं, लहान भावंडाला सांभाळण्यासारखं. रमाबाईंनी हे निष्कर्ष वाचलेले असणं शक्य नव्हतं. त्यांच्यापुढे लेकरं होती.

मुक्तीचं चित्र नुसतं उजळ रंगात काढणं मात्र अन्यायाचं होईल. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्यावरून पुण्यात मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने कडक टीका केली. मुक्तीतली मुलं ख्रिस्ती वातावरणात वाढली आणि बहुतेक ख्रिस्ती झाली. निराधार मुलाला अन्न देणाऱ्याचा धर्म स्वीकारण्यात खरी निवड कितपत असते, हा प्रश्न तेव्हाही योग्य होता आणि आजही आहे. दुसरा प्रश्न श्रमाचा. मुलांकडून काम करून घेणं आणि मुलांना कामातून घडवणं यांतली रेघ फार बारीक आहे. माझ्या मते ती ओळखायची खूण एकच: काम करून मूल काय शिकलं आणि त्याचा अभ्यास, खेळ, झोप शाबूत राहिली का. संस्थेची बचत व्हावी म्हणून पोरांच्या हाती झाडू देणारी शाळा या लेखाचा आधार घेऊ शकत नाही.

आता अकोल्याकडे वळू. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत 1955 मध्ये स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडातल्या ख्रिस्ती शाळा आज घराघरात माहीत आहेत. वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं असतात. ख्रिस्ती मुलं थोडीच. अशा शाळेत पावसाळ्याच्या सुरुवातीला ‘इन्व्हेस्टिचर’ होतं. हेड बॉय, हेड गर्ल, चार हाऊसचे कॅप्टन, खांद्यावरून तिरपे पट्टे, छातीवर बिल्ले, शपथ, बँड, आईवडिलांचे मोबाइल. कार्यक्रम देखणा असतो. पण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्या कॅप्टनकडे उरतं काय? प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करणं आणि बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. ही जबाबदारी कमी आणि पहारेकऱ्याचं काम जास्त. असा मॉनिटर मित्र गमावतो आणि नावं लिहिली गेलेली मुलं जबाबदारीचाच राग धरतात.

ख्रिस्ती शाळेला याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू वाकून इतरांचे पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते. पुढारीपणाची ही कल्पना ज्या संस्थेच्या उपासनेतच आहे, तिच्या कॅप्टनने नावं लिहीत का उभं राहावं? आणि ही कल्पना वऱ्हाडी माणसाला नवीही नाही. मूर्तिजापूरजवळ दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे.

मुलांवर सोपवता येण्यासारखी खरी कामं शाळेत भरपूर असतात. पहिलीतल्या नव्या लेकराला आठवीतला एक दादा किंवा ताई वर्षभरासाठी नेमून देणं. बसमधून उतरल्यापासून वर्गात बसेपर्यंत ते लेकरू त्याच्या हवाली. ग्रंथालयाची देवघेव आणि हिशेब नववीकडे. एप्रिलच्या उन्हात, पारा 44-45 वर गेलेला असताना, पाण्याच्या टाकीची रोजची नोंद आणि कुठला नळ गळतो याची तक्रार लेखी देण्याचं काम पाचवी-सहावीकडे. आणि त्या तक्रारीची दखल मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात घ्यायची. दखल घेतली नाही तर सगळं नाटक ठरतं आणि मुलांना ते फार लवकर कळतं.

याला एक अट आहे. चुकणाऱ्या मुलामागे मोठं माणूस उभं राहिलं पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. ग्रंथालयाच्या हिशेबात गोंधळ झाला तर सगळ्यांसमोर बोलणी खाण्याऐवजी त्या मुलाने तो हिशेब बाईंबरोबर बसून परत करायचा. काम काढून घेतलं तर शिकणं तिथेच थांबतं.

आपल्याकडे हे जास्त निकडीचं का, तेही बोलायला हवं. वऱ्हाडातल्या वर्गांमध्ये अशी लेकरं बसलेली आहेत की ज्यांच्या घरी कापूस-सोयाबीनचं वर्ष हातचं गेलं आहे, कर्ज आहे, काहींच्या घरी बापाने जीव दिला आहे. अशा लेकराभोवती शाळेत सहानुभूतीचं कडं तयार होतं. फी माफ होते, वह्या मिळतात, बाया पाठीवरून हात फिरवतात. हे सगळं हवं. पण ते लेकरू हळूहळू ‘ते बिचारं’ होऊन बसतं. त्याच्याकडे पहिलीतला एक छोटा सोपवून बघा. सकाळी कुणीतरी फाटकापाशी आपली वाट पाहतंय, हे माहीत असलेलं मूल शाळेला सहसा दांडी मारत नाही.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. अकोल्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने दौंड गाठायचं आणि तिथून पुण्याच्या बाजूला थोडंसं जायचं. सहलीसाठी वॉटर पार्क ठरवण्याआधी एखाद्या शाळेने नववीच्या मुलांना आधी रमाबाईंचं चरित्र वाचायला लावून, तिथल्या लोकांची परवानगी घेऊन, तिकडे न्यावं. सहलीची आखणी, तिकिटं, जेवणाचा हिशेब आणि विचारायचे प्रश्न हे सगळं मुलांनीच ठरवावं.